बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर या चुका टाळा

वजन कमी करण्यासाठी स्लीव्ह (जठर कापून लहान करणे) किंवा बायपास (लहान केलेले जठर पुढच्या आतड्याला जोडणे) ही शस्त्रक्रिया झालेला रुग्ण साधारणतः दोन-तीन दिवसांत घरी येतो आणि त्यानंतर पोटात काहीही झाले की घरात एकच निदान होते: ॲसिडिटी. गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहणे ही या काळातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जठराला स्टेपल मारलेल्या रेषेतून गळती झाली, तर ती बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते. स्थूल शरीरात पोट कडक झालेले हाताला चटकन कळत नाही, ताप उशिरा येऊ शकतो, पण नाडी वाढते. शांत पडून असतानाही ठोके मिनिटाला 120 च्या वर टिकून असतील, धाप लागत असेल किंवा डावा खांदा विनाकारण दुखत असेल, तर त्याच रात्री रुग्णालयात निघावे. कोविडच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर अनेक घरांत पडून असतो आणि त्यावर ठोक्यांचा आकडाही दिसतो, हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन 108 ला फोन करावा.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण ती उपचारासारखीच दिसते. शस्त्रक्रिया मुंबईत झालेली असते आणि रुग्ण ठाण्यात कासारवडवलीला राहतो. घोडबंदर रस्त्याची कोंडी डोळ्यांसमोर आणून तो उलट्यांसाठी जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो आणि तिथे ग्लुकोजची बाटली लावली जाते. आठवडाभर अन्न टिकत नसेल, तर शरीरातला थोडासा बी-1 जीवनसत्त्वाचा साठा संपत आलेला असतो आणि अशा वेळी आधी बी-1 न देता ग्लुकोज दिल्यास मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे ही तिची लक्षणे आहेत. म्हणून डिस्चार्ज कार्ड सोबत ठेवावे आणि सलाइन लावण्यापूर्वीच बी-1 चे इंजेक्शन आठवणीने मागावे. डॉक्टरांना असे सांगणे उद्धटपणाचे नाही.

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणून घेणे बायपासनंतर टाळलेच पाहिजे, कारण जठर आणि आतड्याच्या जोडाच्या जागी अल्सर होऊ शकतो. धूम्रपानानेही तेच होते. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळे होते, पण ते डांबरासारखे चिकट असेल आणि चक्कर येत असेल, तर तो रक्तस्राव समजावा.

गणपतीत दोन उकडीचे मोदक किंवा ग्लासभर उसाचा रस घेतल्यावर अर्ध्या तासात घाम, धडधड आणि जुलाब सुरू झाले, तर बहुधा तो डंपिंगचा, म्हणजे गोड अन्न जठरातून फार वेगाने आतड्यात उतरल्याचा त्रास असतो. गोड टाळावे, सावकाश खावे आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. खाल्ल्यानंतर एक ते तीन तासांनी हातपाय थरथरू लागले, तर रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू आहे का, हेही सर्जनना विचारावे.

केस गळू लागले की रुग्ण लगेच धास्तावतात, पण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात ते अनेकांचे गळतात आणि प्रथिने व लोह पुरेसे असेल तर पुन्हा येतात. खरी धास्ती वर्ष-दोन वर्षांनी येणाऱ्या कळांची हवी. वजन वेगाने उतरताना पित्ताशयात खडे होऊ शकतात. शिवाय बायपासनंतर पोटातली चरबी झडली, की आतड्यांच्या पडद्यातल्या फटी मोठ्या होतात आणि त्यांत आतडे अडकून पिळले जाऊ शकते. जेवणानंतर पोटात मुरडा येतो, थांबतो, पुन्हा येतो आणि सोनोग्राफी मात्र स्वच्छ निघते. अशा वेळी सी.टी. स्कॅन करून घ्यावा आणि तोही निर्दोष आला तरी कळा थांबत नसतील, तर दुर्बिणीतून आत पाहण्याचा निर्णय बॅरिॲट्रिक सर्जननाच घेऊ द्यावा.