पाळकसाहेब, घरभेटीत या चुका टाळा

चर्चचा पाळक म्हणून मिरजेकडच्या एका मंडळीत आलो आणि दुसऱ्याच महिन्यात एक घर दुखावलं. नर्स असलेल्या बाईंना दारातच म्हणालो, "तीन रविवार दिसला नाहीत!" रात्रपाळी करून त्या नुकत्याच आल्या होत्या, पायात अजून ड्यूटीचे पांढरे बूट. "बसा पाळकसाहेब, चहा टाकते," एवढंच म्हणाल्या. पुढं वर्षभर त्या घरात चहा मिळाला, बोलणं मिळालं नाही.

डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन दवाखाना उभा केला. तेव्हापासून हे दवाखान्यांचं गाव, मंडळीत पाळीवर जाणारे पुष्कळ. कोणाची कामाची पाळी कधी, हे वहीत लिहून ठेवा आणि मगच दार वाजवा. तासगावकडं द्राक्षांच्या फळछाटणीच्या दिवसांत तर दुपारी घरी कोणी सापडतच नाही. मी बांधावरच पाच मिनिटं प्रार्थना करायला लागलो. कात्री हातात तशीच धरून लोक डोळे मिटायचे.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे, आणि ती भक्तिभावानं होते. आजाऱ्याला भेटून यायचं आणि रविवारी प्रार्थनेच्या विनंतीत सगळ्यांसमोर सांगायचं, "अमक्या बहिणीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करू या." बहिणीनं तुम्हाला खासगीत सांगितलेलं असतं. उपासना सुटायच्या आत ते सांगलीत पोचलेलं असतं. विचारून घ्या: नाव घेऊ का? आजार सांगू का? नको म्हटलं तर 'आपल्यातले आजारी' एवढं पुरे, देवाला पत्ता ठाऊक आहे. खाटेजवळ उपदेश नको. बायबलमधलं तेविसावं स्तोत्र आणि छोटी प्रार्थना, बस्स. याकोबाच्या पत्रात (५:१४) आजाऱ्यानं मंडळीच्या 'वडिलांना' (म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांना) बोलवावं असं अनेकवचन आहे, तेव्हा एखाद्या वडिलांना सोबत न्या. पुढच्या वेळी ते एकटेही जातील. सासरे इथ्रो यांनी मोशेला दिलेला सल्ला (निर्गम १८) हाच: सगळं एकट्यानं ओढू नकोस.

भांडण झालं तर व्यासपीठावरून टोमणा मारू नका. मत्तय १८:१५ आधी एकांतात जायला सांगतं. अर्पणाची थैली घरी नेऊ नका. दोघांनी तिथंच मोजावं, वहीत सह्या कराव्यात. यावर जास्त काय लिहायचं!

गाण्यांबद्दल मात्र थोडं लिहितो, कारण नवे पाळक इथं घाई करतात. कीबोर्ड आला की 'उपासनासंगीत' हे आपलं जुनं गीतांचं पुस्तक कपाटात जातं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. भजन-कीर्तनाची त्यांना मोठी ओढ. त्यांची पदं म्हाताऱ्या बाया पुस्तक न उघडता म्हणतात. घरभेटीला गेलात तर आजीला विचारा, कुठलं पद म्हणू या? अंथरुणावरची माणसंसुद्धा सूर धरतात. (बेसूर असलात तरी चालतं, मी आहे.)

आणि चूक होऊन गेली असेल तर? निरोप पाठवू नका, स्वतः जा. मी वर्षानं त्या बाईंकडं गेलो, उंबऱ्यावरच म्हणालो, "माझं चुकलं." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आज दुपारपाळी आहे. दोन तास आहेत, आत या."