इमेजरला डिस्क दिसत नाही? डिस्कवर संशय सगळ्यात शेवटी घ्या

सीलबंद पाकिटातून मुद्देमालाची हार्ड डिस्क काढली, तिची बिट-न-बिट नक्कल करणाऱ्या इमेजरला जोडली, आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही. अशा वेळी हात आपोआप स्विचकडे जातो. बंद-चालू, पुन्हा बंद-चालू. तो हात आवरा. आतून दुखावलेली डिस्क दर वेळी सुरू होताना आणखी बिघडू शकते, आणि पुराव्याची डिस्क दुसरी मिळत नाही.

आधी ती बाजूला ठेवा. त्याच पोर्टला, त्याच केबलने, आपल्याकडची चालू असल्याची खात्री असलेली डिस्क लावा. तीही दिसली नाही, तर दोष आपल्या टेबलावर आहे. एकदा चांगल्या डिस्कला मी अर्धा दिवस मृत समजून बसलो होतो. सॅटा केबलच्या (संगणकाच्या डिस्कची नेहमीची डेटा केबल) टोकाच्या आतली प्लॅस्टिकची जीभ तडकली होती, केबल बसल्यासारखी वाटायची आणि संपर्क मात्र व्हायचा नाही. तेव्हापासून केबल बदलल्याशिवाय मी पुढे जात नाही.

मग कनेक्टर नीट पाहा. सॅटा डिस्कमध्ये डेटा आणि पॉवरच्या पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असते. ती जागा प्लॅस्टिकने भरलेली असेल तर डिस्क सॅस आहे, म्हणजे सर्व्हरमधली. स्वस्तातलं अ‍ॅडॉप्टर लावून ती सॅटा पोर्टला बसेल, पण बोलणार नाही. तिला सॅसचाच पोर्ट हवा. एम डॉट टू कार्डांचंही (पट्टीसारख्या, न फिरणाऱ्या चिपच्या डिस्क, म्हणजे एसएसडी) तसंच. आकार एक, पण काही सॅटाची, काही एनव्हीएमई या वेगळ्या जोडणीची, आणि दोघांची अ‍ॅडॉप्टरं वेगळी. खाचांवरून अंदाज येतो, तरी लेबल वाचूनच ठरवा. जुन्या, रुंद पट्टीच्या केबलच्या आयडीई डिस्कवर जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) ‘मास्टर’च्या जागी आहे का तेवढं बघा.

आता पॉवर. डिस्क पुन्हा जोडा, बोटं हलकेच तिच्या कडेवर ठेवा आणि स्विच दाबा. मोटर फिरू लागली की बारीक थरथर जाणवते. साडेतीन इंची डिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, अडीच इंचीला बहुधा ५ पुरतात. म्हणून १२ व्होल्टची बाजू बिघडलेली असेल, तर लॅपटॉपची डिस्क दिसते आणि मोठी दिसत नाही.

थरथर नाहीच? मग ही एक गोष्ट अनेकांना चकवते. सॅटा ३.३ या मानकापासून पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम मिळालं: तिथे ३.३ व्होल्ट आले की काही डिस्क स्वतःला बंद ठेवतात. जुन्या पद्धतीच्या पॉवर सप्लायमधून तिथे नेमके तेच येतात. इलाज सोपा: ३.३ व्होल्टची तार नसलेली पॉवर केबल वापरा. पिनवर टेप चिकटवण्याची युक्तीही चालते, पण मुद्देमालाला काही चिकटवण्यापेक्षा आपली केबल बदललेली बरी.

टक्-टक् असा ठरावीक आवाज आला तर त्याच क्षणी पॉवर काढा. ते काम धूळमुक्त खोलीत डिस्क उघडणाऱ्या रिकव्हरी तज्ज्ञाचं आहे. डिस्क शांतपणे फिरत असेल पण यादीत नसेल, तर एक-दोन मिनिटं थांबून इमेजरवर पुन्हा शोध घ्या. काही डिस्क तयार व्हायला इमेजरच्या सहनशक्तीपेक्षा जास्त वेळ घेतात.

यूएसबीची बाह्य डिस्क असेल तर डबी फोडायची घाई नको. काही मॉडेलांत डेटा त्या डबीतलंच सर्किट एन्क्रिप्ट करतं. डिस्क सुटी करून वाचली तर हाती अर्थहीन बाइट्स येतात. आधी इमेजरचा यूएसबी पोर्ट वापरा.

डिस्क दिसली, तरी सेक्टरसंख्या (डेटाच्या छोट्या कप्प्यांची संख्या) लेबलशी ताडून पाहा. ५०० जीबीच्या डिस्कवर सहसा ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. कमी दिसले तर एचपीए किंवा डीसीओने, म्हणजे डिस्कचा काही भाग संगणकापासून लपवणाऱ्या तिच्याच सेटिंगने, काही भाग झाकलेला असू शकतो. वाचायलाच नकार देत असेल तर एटीए पासवर्ड, म्हणजे डिस्कवरच लावलेला पासवर्ड, आहे का ते तपासा. ते कुलूप आहे, बिघाड नव्हे. एसएसडी ‘साटाफर्म एस११’ अशा नावाने उभी राहिली, तर तिचा कंट्रोलर (डिस्क चालवणारी चिप) स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे आतलं चालक सॉफ्टवेअर, वाचू शकलेला नाही. नवं फर्मवेअर चढवायला जाऊ नका, त्यात डेटा जाऊ शकतो.

तरीही दिसेना, तर दुसऱ्या राइट ब्लॉकरवर (डिस्क वाचू देणारं, पण तिच्यावर लिहू न देणारं उपकरण) एकदा पाहा. पण थेट विंडोजच्या संगणकाला कधीच जोडू नका. तिथे डिस्क ‘इनिशियलाइझ’ करण्याची विचारणा येते, आणि एका होकाराने पुराव्यावर लिहिलं जातं.

हे सगळं चालू असताना नोंदवही उघडी हवी. सीरियल नंबरचा फोटो, कोणती केबल, किती वाजता पॉवर दिली, किती वेळा, आवाज कसा होता. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेला ओळख-ठसा, द्यावं लागतं. इमेज झालीच नाही, तर हॅशच्या जागी दाखवायला तुमच्याकडे ही नोंदच असते. डिस्क पुन्हा सील करून रिकव्हरीला पाठवताना या नोंदीची प्रत सोबत द्या, म्हणजे पुढचा माणूस तेच प्रयोग त्याच डिस्कवर पुन्हा करणार नाही.