इंटरनेटच्या नियमांत आपलं म्हणणं: नाशकातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

सुरगाण्यात रेंज मिळत नाही म्हणून आयकॅन या जागतिक डोमेन संस्थेला पत्र लिहिलं तर ते वाया जातं. मराठी डोमेन नावात, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्यात, एखादं अक्षर चालत नाही म्हणून ट्राय या देशाच्या दूरसंचार नियामकाकडे गेलात तरी तेच. नव्या माणसाचे पहिले काही महिने बहुधा असे चुकीच्या दारात जातात, म्हणून आधी दारं ओळखून घ्या.

मोबाइलचे दर, सेवेचा दर्जा आणि ग्राहकाचे हक्क हे ट्रायचं काम. परवाने आणि स्पेक्ट्रम यांबाबत ट्राय फक्त शिफारस करते, निर्णय दूरसंचार विभाग घेतो. वैयक्तिक माहितीचं संरक्षण इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाकडे आहे. डॉट इन आणि डॉट भारत ही डोमेन निक्सी ही भारतातली संस्था सांभाळते, तर जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था 1998 साली स्थापन झालेली आयकॅन बघते. संथ नेट किंवा बंद पडलेलं फेसबुक खातं यांच्याशी आयकॅनचा संबंध नाही. तुमचं एकट्याचं बिल चुकलं असेल तर ट्रायसुद्धा ती तक्रार सोडवत नाही. त्यासाठी कंपनीचं तक्रार केंद्र, तिथे दाद लागली नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण. ट्रायकडे जायचं ते नियम बदलून घ्यायला.

सुरुवात ट्रायपासूनच करावी असं आमचं ठाम मत आहे, कारण इथे लिहिलेलं वाचलं जातं आणि वाचलं गेल्याचं दिसतंही. कोणताही मोठा नियम करण्याआधी ट्राय चर्चापत्र काढते. त्यावर मतं देण्यासाठी साधारण 4 आठवडे आणि इतरांच्या मतांना उत्तर देण्यासाठी आणखी सुमारे 2 आठवडे मिळतात. पत्र इंग्रजीत आणि बहुधा शंभरेक पानांचं असतं. ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं की तिसऱ्या दिवशी सुटतं. आधी प्रश्नांची यादी असलेलं शेवटचं प्रकरण काढा. वीस प्रश्नांपैकी जे दोन तुमच्या रोजच्या वापराशी जुळतात तेवढेच निवडा, आणि मग त्या दोन प्रश्नांची पार्श्वभूमी मागे जाऊन वाचा. उत्तर आधी मराठीत लिहून काढा, इंग्रजी नंतर कोणाची तरी मदत घेऊन करता येतं. उत्तरावर प्रश्नाचा क्रमांक लिहायलाच हवा. तो नसेल तर तुमचं म्हणणं कोणत्या मुद्द्याखाली धरायचं हे वाचणाऱ्याला कळत नाही.

‘ग्रामीण भागातली सेवा सुधारावी’ या वाक्याचा ट्रायला काही उपयोग नाही. उपयोगी उत्तराचा नमुना असा: ‘पेठ तालुक्यातलं अमुक गाव, शाळेजवळ, 4जी सिम. सात दिवसांत 21 मोजण्या, त्यांपैकी 13 वेळा वेग 1 एमबीपीएसच्या खाली. कंपनीच्या नकाशात मात्र या गावात 4जी दाखवलं आहे.’ सेवेच्या दर्जाबाबत 2024 साली आलेल्या नियमांनुसार कंपन्यांना असे नकाशे प्रसिद्ध करावे लागतात. नकाशा आणि जागेवरची परिस्थिती यांतली तफावत दिल्लीत बसून दिसत नाही. ती गावात राहणाऱ्यालाच दाखवता येते.

मोजणी जपून करा. ट्रायचं मायस्पीड ॲप त्यासाठी पुरेसं आहे. सकाळ, दुपार आणि रात्री नऊच्या सुमारास, अशा रोज तीन मोजण्या सात दिवस करायच्या. फोन तोच, जागा तीच, एकदा घराबाहेर तर दरवेळी बाहेरच, कारण पत्र्याच्या छपराखाली सिग्नल वेगळा मिळतो. वाय-फाय बंद आहे ना, हे दरवेळी बघा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो रोजच्या कोट्याचा. दिवसाचा डेटा संपला की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो आणि मग रात्रीची मोजणी नेटवर्कची न राहता प्लॅनची होते. अशी एक नोंद सापडली तरी कंपनीचा माणूस बाकीच्या वीस नोंदींवर संशय घेईल. म्हणून वहीत तारीख, वेळ आणि वेग यांच्या शेजारी उरलेला डेटाही लिहा.

संख्येचा मोह नव्या लोकांना हमखास पडतो: एकच मजकूर हजार जणांकडून पाठवू या! मार्च 2015 मध्ये ट्रायने काढलेल्या चर्चापत्राला दहा लाखांवर ईमेल आले आणि नेट न्यूट्रॅलिटीचा, म्हणजे सगळ्या संकेतस्थळांना सारखी वागणूक देण्याचा, प्रश्न देशभर गाजला, हे खरं. पण त्याच वर्षाअखेरीच्या दुसऱ्या चर्चापत्रावर निवडक संकेतस्थळं मोफत देणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स योजनेच्या बाजूने जे साचेबंद संदेश आले त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत, असं ट्रायने स्पष्ट सांगितलं. 8 फेब्रुवारी 2016 रोजी नियम आला तो भेदभाव करणाऱ्या डेटा दरांवर बंदी घालणारा. संख्येने विषयाकडे लक्ष वेधलं जातं, नियमातला शब्द मात्र मुद्देसूद उत्तरानेच बदलतो. 2015 ची आणखी एक आठवण ठेवण्याजोगी आहे: आलेले ईमेल ट्रायने पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले होते. मतं जाहीर होतात हे गृहीत धरा. वेगळा ईमेल वापरा, आणि मोबाइल नंबर किंवा आधार क्रमांक मजकुरात घालू नका.

मत पाठवलं की बरेच जण थांबतात, आणि इथेच संधी जाते. कंपन्यांची उत्तरं संकेतस्थळावर येतात, ती वाचून प्रत्युत्तर द्या. तुमची मोजणी तिथे खरी कामाला येते. पुढे खुली चर्चा होते आणि अंतिम नियमासोबत स्पष्टीकरणाचं टिपण निघतं. कोणाचं म्हणणं का मानलं आणि का नाही, हे त्यात दिसतं. 23 डिसेंबर 2024 ची दुरुस्ती या दृष्टीने वाचून पाहा. डेटा न वापरणाऱ्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं रिचार्ज ठेवणं कंपन्यांना त्यात बंधनकारक झालं. साधा फोन वापरणारी आपली आजी धोरणात कुठे बसते, हे त्यातून कळतं.

मंत्रालयांच्या मसुद्यांबद्दल थोडक्यात. 2014 च्या केंद्राच्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर असायला हवा. वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या नियमांचा मसुदा 3 जानेवारी 2025 ला आला तेव्हा मतं मायगव्ह या सरकारी संकेतस्थळावर, नियमागणिक वेगळ्या रकान्यात मागवली होती. इतरांची मतं मात्र वाचायला मिळाली नाहीत, त्यामुळे आपल्या उत्तराची प्रत जपून ठेवणं इथे जास्त गरजेचं.

आता आयकॅन. मराठी माणसाची तिथे खरी गरज आहे ती लिपीसाठी. इगतपुरीच्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्राला ‘दऱ्या’ हा शब्द असलेलं डोमेन हवंय असं समजा. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. हा पापणीसारखा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ, हलन्त, य, किंवा साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तसंच. ॲ हे एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येतं, किंवा अ वर चंद्र देऊन. अशा जुळ्या शब्दांतला एक दुकानदाराने घेतला आणि दुसरा ठगाने, तर गिऱ्हाईक फसणार. म्हणून डॉटच्या उजवीकडच्या, सर्वांत वरच्या पातळीच्या नावांत ते न दिसणारं चिन्ह चालतच नाही. डावीकडच्या नावात काय चालेल ते त्या त्या नोंदणी संस्थेचा अक्षरांचा तक्ता ठरवतो. हिंदीत हा आडवा र नाही. तक्ता तपासताना मराठी जाणणारं कोणी नसेल तर तो सुटून जाऊ शकतो.

यात शिरण्याची वाट ॲट-लार्ज नावाची आहे, सामान्य वापरकर्त्यांसाठीच ठेवलेली. तिच्या पाच प्रादेशिक संघटना आहेत, आपली आशिया-पॅसिफिकची ॲपरालो. एकट्या व्यक्तीला सदस्य होता येतं, वर्गणी नाही. तिथून पुढची ॲट-लार्ज सल्लागार समिती पंधरा जणांची, आणि संचालक मंडळावरची एक जागा ॲट-लार्जच्या निवडीने भरते. समिती सल्ला देते, तो मानायलाच हवा असं बंधन मंडळावर नाही. आधी आयकॅन लर्नवरचे मोफत पाठ करा, मग कार्यगटाच्या दोनतीन बैठका नुसत्या ऐका. संक्षेपांचा मारा इतका असतो की पहिल्याच बैठकीत बोलायला गेलं की मुद्दा निसटतो. सार्वजनिक मतांसाठी सहसा 40 दिवस मिळतात. मसुदा तिसाव्या दिवशी गटासमोर ठेवला तर उशीर झालेला असतो, दहाव्या दिवशी ठेवा.

बैठकांच्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. त्यांत साडेपाच तास मिळवायचे. 13:00 म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. 19:00 असेल तर रात्रीचे साडेबारा, म्हणजे कॅलेंडरवर दुसरा दिवस. मंगळवारची बैठक बुधवारी रात्री शोधत बसणारे बरेच असतात. गजर मंगळवारी रात्री सव्वाबाराचा नाही, बुधवारी 00:15 चा लावा.