मेनफ्रेमवरची पेन्शन वेबवर न्यायचीय? मग आधी हे वाचा

सरकारी ऑफिसचं जुनं मेनफ्रेम (सगळा हिशेब एका जागी करणारा मोठा कॉम्प्युटर) बंद करून वेब ॲप्लिकेशन करायचं ठरलं की पहिली मीटिंग प्रोग्राम लिहायला जावा घ्यायचं का डॉटनेट ह्यावरच संपते. माझ्या मते त्यानं फारसं काही अडत नाही. अडतं कुठं, तर जुनं मशीन महिनाअखेरीला नेमकं काय काय करतं हे एकालाही पूर्ण माहीत नसतं तिथं. कोबॉल ही प्रोग्रामिंगची १९५९ सालातली भाषा, त्यात लिहिलेला प्रोग्राम तीस-पस्तीस वर्षं चालतोय, मधे चार जणांनी हात लावलाय आणि चौघंही रिटायर झालेत, असलाच सगळा मामला असतो.

मी उदाहरण पेन्शनचं धरतो, कारण आपल्या सांगली-साताऱ्याकडं गल्लीत एक तरी रिटायर मास्तर नाहीतर पोलीस असतोच आणि एक तारखेला पैसे नाही आले की काय होतं ते सगळ्यांना माहितेय. समजा मशीन मुंबईला आहे, जिल्ह्याच्या ऑफिसात हिरव्या अक्षरांचे टर्मिनल आहेत (आता ते पण पीसीवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे टर्मिनलची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये), आणि तुमची टीम सांगलीत विश्रामबागेत नाहीतर साताऱ्यात पोवई नाक्यापाशी बसून काम करणार आहे.

आधी मोजदाद करा. सोर्स कोड (माणसानं लिहिलेला मूळ प्रोग्राम) सगळा मिळेल असं गृहीत धरू नका, लोड मॉड्यूल (त्यापासून बनलेला, मशीनवर चालणारा प्रोग्राम) चालू आहे आणि त्याचा सोर्सच कुठं सापडत नाही असं हमखास निघतं, आणि सापडला तरी तो चालू असलेल्या मॉड्यूलचाच आहे का हे वेगळं तपासावं लागतं. कुठले जॉब (मशीनला लावून दिलेली कामं) खरोखर चालतात हे माणसांना विचारण्यापेक्षा एसएमएफच्या, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदीत बघा, तिथं प्रत्येक जॉबची वेळ असते. पण नोंदी अख्ख्या वर्षाच्या घ्या. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांचा जॉब चालतो, मार्चअखेरचे वेगळे, महागाई भत्ता वाढला की थकबाकीचा आणखी वेगळा. तीन महिन्यांच्या नोंदी बघून "हे जॉब मेलेत" म्हणून यादीतून काढले तर नोव्हेंबरात ऑफिससमोर म्हाताऱ्या माणसांची रांग लागणार, आणि त्या रांगेला उत्तर द्यायला कॉन्ट्रॅक्टर नसतो, काउंटरवरचे भाऊसाहेब, म्हणजे क्लार्क असतात.

त्या भाऊसाहेबांशेजारी खुर्ची टाकून बसायचं, हे दुसरं काम, आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठं. रिक्वायरमेंटच्या मीटिंगला साहेब येतात, आणि काम करणारे मागं टेबलावर असतात. भाऊसाहेब माउसला हात न लावता काम करतात, पीएफ८ दाबून पुढचं पान, पीएफ३ दाबून मागं, केस नंबर पाठ असतो. त्यांना तुम्ही ड्रॉपडाउन आणि पॉपअपवाली चकचकीत स्क्रीन दिली की जे काम अर्ध्या मिनिटात व्हायचं त्याला चार मिनिटं लागतात आणि मग ते नव्या सिस्टीमला शिव्या देतात, बरोबरच आहे त्यांचं. वेब फॉर्म टॅब आणि एंटरवर पूर्ण चालला पाहिजे, कोड माहीत असलेल्याला सरळ कोड टाकता आला पाहिजे. आणि बघताना एक विचारायचं, "भाऊसाहेब, ही वही कसली?" कारण टेबलावर एक वही असतेच, तिच्यात मशीन जे करत नाही ते सगळं लिहिलेलं असतं, कोर्टाच्या केसेस, दोन बायकांचा वाद असलेली कुटुंब निवृत्तिवेतनाची प्रकरणं, हातानं करायच्या वसुल्या. ती वही म्हणजे तुमच्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटचा निम्मा भाग समजा.

आता डेटा. इथं जरा सावकाश वाचा कारण वाट इथंच लागते. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला एक आकडा देतो, मेनफ्रेमवर त्याची पद्धत एबसिडिक, आपल्या सर्व्हरवर आस्की नाहीतर युनिकोड. शून्य हा अंक तिकडं २४० आणि इकडं ४८. हे रूपांतर फाईल पाठवायचं एफटीपी स्वतःच करून देतं म्हणून लोक फाईल टेक्स्ट मोडमध्ये ओढतात, आणि नावं छान वाचता येतात पण रकमांचा पार चिवडा होतो, कारण रकमा कॉम्प-थ्री म्हणजे पॅक केलेल्या असतात, एका बाइटात दोन अंक आणि शेवटच्या अर्ध्या बाइटात चिन्ह, सी म्हणजे अधिक आणि डी म्हणजे उणे. नऊ अंकी रक्कम पाच बाइटात बसते. त्या बाइटांना अक्षरं समजून बदललं की गेलं. म्हणून फाईल कायम बायनरी मोडमध्येच आणायची आणि कॉपीबुक (रेकॉर्डमध्ये कुठल्या जागी कुठलं फील्ड आहे ह्याचा कोबॉलमधला नकाशा) हातात घेऊन फील्डनिहाय उलगडायची. दशांशचिन्ह तर फाईलमध्ये नसतंच, ते कुठं आहे हे फक्त कॉपीबुक सांगतं, म्हणजे कॉपीबुक जुनं घेतलं तर सगळ्यांच्या पेन्शनी शंभरपट, नाहीतर शंभराव्या हिश्शावर. कॉपीबुकात रीडिफाइन्स हा शब्द दिसला की थांबायचं, कारण तेच बाइट एका प्रकारच्या रेकॉर्डमध्ये तारीख असतात आणि दुसऱ्यात बँक कोड.

सॉर्टिंग पण उलटं होतं. एबसिडिकमध्ये अक्षरं आधी अंक नंतर, आस्कीत अंक आधी. अक्षर-अंक मिसळलेले कोड असतील आणि एखादा रिपोर्ट कोड बदलला की बेरीज मारत असेल तर क्रम बदलल्यावर बेरजा भलत्याच ठिकाणी येतात, आणि एकूण बेरीज मात्र बरोबर येते, त्यामुळं लवकर लक्षातच येत नाही.

तारखांचं तर विचारू नका. वाय-टू-केच्या वेळी, म्हणजे दोन आकडी वर्षांमुळं सन २००० ला घोळ होईल म्हणून दुरुस्त्या चालल्या होत्या तेव्हा, बऱ्याच ठिकाणी वर्ष दोन आकडीच ठेवून "पन्नासच्या खाली असेल तर २००० धरा" असली खिडकी घातलेली आहे. १९४८ चा जन्म असलेले आजोबा त्या खिडकीतून २०४८ साली जन्माला येतात. जन्मतारखेला वेगळी खिडकी, सेवा सुरू झाल्याच्या तारखेला वेगळी, हे ठरवून लिहून ठेवा. १ नोव्हेंबर २००५ ही तारीख कोडमध्ये किती ठिकाणी आहे ते शोधा, त्या दिवसापासून लागलेल्यांना सहसा जुनी पेन्शन नाही, आणि ती तुलना दोन आकडी वर्षानं केली असेल तर ९५ हे ०५ पेक्षा मोठं ठरतं आणि १९९५ ला लागलेला मास्तर नव्या योजनेत जातो. अंशराशीकरण केलेला (म्हणजे एकरकमी पैसे घेऊन सोडलेला) पेन्शनचा भाग १५ वर्षांनी परत चालू होतो, त्याची तारीख पण अशीच कुठंतरी दडलेली असते.

आपल्या भागाची खास गंमत म्हणजे जिल्हे-तालुके. सांगली जिल्हा १९४९ ला दक्षिण सातारा म्हणून झाला आणि १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं, त्यामुळं पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्यांच्या सेवापुस्तकात जन्मजिल्हा दक्षिण सातारा असतो, आणि नव्या फॉर्मच्या यादीत तो जिल्हाच नाही म्हणून रेकॉर्ड रिजेक्ट. कडेगावची गावं जुन्या डेटात खानापूर तालुक्याखाली सापडतील. जुनी किंमत जशीच्या तशी एका वेगळ्या रकान्यात ठेवा आणि शेजारी आजचा कोड द्या, जुनं पुसून नवं भरू नका. नावांचं पण तसंच. मशीनवर ती इंग्रजी कॅपिटलमध्ये आणि शेपूट कापलेली असतात, त्यावरून सॉफ्टवेअरनं मराठी नाव तयार केलं की काळेंचे काले होतात, आणि बँकेत नाव जुळत नाही. मराठी नाव पेन्शनच्या मूळ आदेशावरूनच टाइप करून घ्या, वेळ लागेल, लागू दे.

कोडचं काय करायचं ह्यावर लांबण लावत नाही. आपोआप कोबॉलचं जावा करून देणारी टूल्स मिळतात, पण त्यातून जे निघतं त्याला गमतीनं जोबॉल म्हणतात, म्हणजे जावाच्या कपड्यातलं कोबॉल, ते कोबॉलवाल्याला पण वाचता येत नाही आणि जावावाल्याला पण. मशीनचा करार संपत आलाय आणि घाई आहे तरच तो रस्ता धरा. नाहीतर तुकडे पाडा. आधी फक्त चौकशीची स्क्रीन वेबवर आणा, डेटा रोज रात्री मेनफ्रेमवरून कॉपी होऊ दे, लोकांना सवय लागू दे, मग पत्ता-बँक बदल, मग नवीन प्रकरणं, आणि पेन्शनची मासिक बॅच (सगळ्यांची पेन्शन एकदम काढणारा जॉब) सगळ्यात शेवटी. एकच सांगतो, डेटा एका वेळी एकाच बाजूनं बदलला पाहिजे, दोन्हीकडं एंट्री चालू ठेवली की महिन्याभरात कुठला आकडा खरा ह्यावर भांडणं सुरू होतात.

पॅरलल रन, म्हणजे जुनं-नवं दोन्ही शेजारी चालवून निकाल ताडणं, पैशापर्यंत जुळवायचा. "थोडाफार फरक" चालवून घ्यायचा नाही, कारण त्या थोड्यामागंच नियम लपलेला असतो. १८,७६२ रुपयांवर ५३ टक्के भत्ता काढला तर ९,९४३.८६ येतात. कोबॉलमध्ये राउंडेड असं लिहिलं नसेल तर ते पुढचे पैसे सरळ कापतं, म्हणजे पूर्ण रुपयाच्या फील्डमध्ये ९,९४३, आणि तुमचा नवा प्रोग्राम राउंड करून ९,९४४ देतो. रकमेला फ्लोट (आकडा अंदाजे साठवणारा प्रकार) तर वापरूच नका, डेसिमलच (नेमका साठवणारा). आता ह्यात बरोबर कोण? जीआर काय म्हणतो ते बघा, आणि जीआर एक म्हणत असेल नि मशीन दुसरंच करत असेल तर निर्णय डेव्हलपरनं घ्यायचा नाही, फाईल वर पाठवायची आणि लेखी घ्यायचं. ऑडिटला महालेखापालांची माणसं येतात तेव्हा तो कागद कामाला येतो.

निदान एक नोव्हेंबर, एक मार्चअखेर आणि एक भत्तावाढ दोन्हीकडं चालवून बघितल्याशिवाय जुनं सोडू नका. कॅनडाच्या केंद्र सरकारनं २०१६ ला फीनिक्स नावाची पगाराची नवी सिस्टीम चालू केली, जुनी चाळीसेक वर्षांची होती, आणि पगार काढणारी अनुभवी माणसं त्याआधीच कमी करून टाकली, मग हजारो कर्मचाऱ्यांना कुणाला कमी कुणाला जास्त तर कुणाला पगारच नाही असं झालं आणि ते निस्तरायला वर्षं गेली. म्हणून ज्या भाऊसाहेबांना सगळं माहितेय त्यांची बदली ह्या काळात थांबवा, साहेबांना सांगून, हातापाया पडून, कसंही.

टेस्टिंगला खरा डेटा डेव्हलपरच्या लॅपटॉपवर द्यायचा नाही, २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, नावं-खाते नंबर बदलून द्या, पण लांबी आणि विचित्रपणा तसाच ठेवून, नाहीतर वरच्या अडचणी टेस्टिंगला दिसणारच नाहीत. सिक्युरिटी ऑडिट सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) पॅनेलवरच्या ऑडिटरकडूनच लागतं, त्याला वेळ धरा, ते शेवटच्या आठवड्यात उरकत नाही.

स्विचओव्हरची तारीख जुलै-ऑगस्टात ठेवू नका राव. कोयनेचा विसर्ग वाढला की सांगलीत सगळ्यांचं लक्ष आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याच्या पातळीकडं, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं होतं. अशात अर्धं ऑफिस ड्यूटीवर असतं आणि लाईट-नेटचा भरवसा नसतो. मार्च पण नको. डिसेंबर-जानेवारी बरा. आणि मुळात सर्व्हर, राउटर, यूपीएस तळमजल्यावर असतील तर ते आधी वर हलवा, क्लाउडवर गेलो म्हणून जिल्ह्याच्या ऑफिसातलं राउटर काही पाण्यावर तरंगत नाही.

नवं चालू झाल्यावर मेनफ्रेम लगेच विकायला काढू नका, फक्त वाचण्यापुरतं ठेवा, कोर्टकेस आणि माहिती अधिकाराच्या अर्जांना जुने हिशेब लागतात. पण ते वर्षानुवर्षं पण नको, लायसनचं भाडं चालूच राहतं. जुनी प्रत्येक महिन्याची पेन्शन बिलं आणि लेजर वाचता येईल अशा फाईलमध्ये काढा, केस नंबरनं शोधता येतील असं करा, भाऊसाहेबांना कुठल्याही जुन्या केसेस काढून दाखवायला सांगा, आणि सगळ्या सापडल्या की मशीन बंद करायची नोट टाका.