लॅपटॉप रिसेट होत नाहीये? मूळचं विंडोज असं परत आणा

मावसबहिणीच्या लॅपटॉपचं नुकतंच हे निस्तरलंय, म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. तिने एका दुकानात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेतली होती, नंतर मशीन अडखळायला लागलं म्हणून सेटिंग्जमधून रिसेट धिस पीसी मारलं तर लगेच मेसेज, कुड नॉट फाइंड द रिकव्हरी एन्व्हायर्नमेंट, म्हणजे रिसेट करणारा विंडोजचा दुरुस्तीचा भागच सापडत नाही. पाच-सहा वेळा तेच करून बघितलं बिचारीने. तसं करून काही उपयोग नसतो, जे अडलंय ते दरवेळी तिथेच अडणार.

आधी एक गोष्ट मनातून काढा, ती म्हणजे "ओरिजिनल विंडोज गेलं". 2012 मध्ये विंडोज 8 आलं तेव्हापासून विंडोजसकट विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपची ॲक्टिव्हेशन की (लायसन्सचा कोड) मदरबोर्डवरच्या बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या चिपमध्ये, लिहिलेली असते. डिस्क बदला, फॉरमॅट मारा, की तिथेच राहते. त्यामुळे नवीन की विकत घेऊ नका आणि कोणी क्रॅकवालं विंडोज टाकून देतो म्हणाला तर अजिबात टाकून घेऊ नका, खरंच सांगतो.

विंडोज चालू होत असेल तर पहिलं काम बॅकअप. डेस्कटॉप, डाउनलोड्स, फोटो हे सगळे घेतात, पण बहिणीचा टॅलीचा डेटा सी ड्राइव्हमध्येच होता आणि तो ती विसरलीच होती. ऑफिस लॅपटॉपसोबत आलेलं असेल तर ते कुठल्या ईमेलवर ॲक्टिव्हेट केलंय तेही बघून ठेवा.

आता कमांड प्रॉम्प्ट रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर करून उघडा आणि रीएजंटसी टाइप करा, एक स्पेस, मग स्लॅश इन्फो (reagentc /info). रिकव्हरी चालू आहे का ते यात कळतं. स्टेटस डिसेबल्ड दिसलं तर तीच कमांड स्लॅश एनेबल लावून द्या (reagentc /enable), कधीकधी एवढ्यावरच काम होतं आणि रिसेट चालायला लागतं. आमच्याकडे रिकव्हरीची इमेज (त्यासाठी लागणारी फाइल) सापडत नाही असा मेसेज आला. कारण दुकानवाल्याने जुन्या डिस्कवरून फक्त सी ड्राइव्ह कॉपी केला होता, रिकव्हरीचं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा ठेवलेला भाग, जुन्या डिस्कवरच राहिलं.

रिसेट सुरू होऊन मध्येच नो चेंजेस वेअर मेड म्हणत असेल तर प्रकार वेगळा, विंडोजच्या फाइल्स खराब झाल्यात. मग लोकल रीइन्स्टॉल सोडून क्लाउड डाउनलोड निवडा, साधारण 4 जीबी डेटा जातो, चार्जर लावूनच करा.

दोन्ही जमलं नाही तर पेन ड्राइव्ह. 8 जीबीचा पुरतो, आधीचं सगळं त्यातून उडतं हे लक्षात ठेवा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन बनवा. एचपी, डेल, लेनोवोवाल्यांची स्वतःची रिकव्हरी टूल्सही आहेत, सीरियल नंबर किंवा सर्व्हिस टॅग टाकून कंपनीने दिलेली इमेज ड्रायव्हरसकट मिळते, तुमच्या मॉडेलला मिळत असेल तर मी तीच घ्या म्हणेन.

एडिशनकडे मात्र नीट लक्ष द्या. आपल्याकडे बऱ्याच लॅपटॉपवर होम सिंगल लँग्वेज येतं, लोक यादीत प्रो दिसलं की प्रो टाकतात आणि मग ॲक्टिव्हेट का होत नाही म्हणून डोकं धरून बसतात. बायोसमध्ये होमची की असेल तर होमच टाकायचं.

इन्स्टॉल करताना डिस्कच दिसत नाही असं झालं तर घाबरू नका. इंटेलच्या 11व्या जनरेशनपासूनच्या बऱ्याच मशीनवर व्हीएमडी (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय) चालू असतं आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, एक्स्ट्रॅक्ट करून पेन ड्राइव्हवर टाका आणि लोड ड्रायव्हर दाबा. आम्ही यातच दीड तास घालवला, ड्रायव्हर लोड केला तशी एसएसडी लगेच यादीत आली.

मध्येच बिटलॉकरची (डिस्कवरचा डेटा लॉक करणारी विंडोजची सोय) 48 आकडी की मागितली तर ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. हे रिसेटच्या आधीच बघून कागदावर लिहून ठेवलेलं बरं, कारण की सापडली नाही तर त्या डिस्कवरचा डेटा गेलाच.

विंडोज बसल्यावर नेट जोडा, सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग ॲक्टिव्हेशन बघा, ॲक्टिव्ह दिसायला हवं. मदरबोर्ड कधी बदलला असेल तर की नव्या बोर्डात नसू शकते, तेव्हा बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं. शेवटी रीएजंटसी स्लॅश इन्फो परत एकदा मारा. बहिणीच्या मशीनवर आता एनेबल्ड दिसतंय.