किलोभर चटणीचा भाव कसा काढायचा

मी सोलापूरकडची. बचत गटांच्या वह्या तपासत गावोगाव फिरते. नवा गट भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, कर्ज किती मिळंल?" मी म्हणते, आधी एका किलोचा भाव काढा.

एका गटाची शेंगाचटणी फार चवीची. २६० रुपये किलोनं विकायच्या. शेंगदाणे १४०, तिखट ३०, लसूण १०, मीठ-जिरं ५. (साल निघून दाणे घटतात, तिखट-लसूण तेवढी भर घालतं, म्हणून किलो दाण्यांची किलोच चटणी धरा.) १८५ ला पडली, ७५ सुटले, असा त्यांचा हिशेब. मी पुढच्या ओळी भरायला लावल्या. डंकावरचं, म्हणजे कांडपाच्या यंत्रावरचं, कांडप २०, गॅस १०, पिशव्या नि लेबलं २०. झाले २३५. "आणि तुमची मजुरी?" सगळ्या हसल्या. घरचंच काम की! पण दहा किलोला दोघींचा अख्खा दिवस जायचा. खुरपायला गेल्या असत्या तर प्रत्येकीला ३०० रुपये हजेरी पडली असती. म्हणजे किलोमागे ६०. चटणी २९५ ला पडत होती! वर्षभर तोट्यात कांडत होत्या.

मग २०० ग्रॅमची पुडी ८० ला केली, म्हणजे किलो ४००. दुकानदाराचे वीस टक्के जाऊन हातात ३२०. सुटतात पंचवीसच, पण मजुरी घेऊन सुटतात. भाव वाढल्यावर दोन गिऱ्हाइकं तुटली, तुटू द्या.

भाजलेले दाणे पुरते गार झाल्याशिवाय कांडू नका, आणि गरम चटणी पिशवीत भरू नका. एका पावसाळ्यात मी घाई करायला लावली, वाफ आत कोंडली, चाळीस पुड्या खवट होऊन परत आल्या. ते पैसे मी भरले.

कागदांचं थोडक्यात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. खायच्या मालाला एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची, नोंदणी हवीच, तिचा नंबर लेबलवर छापा.

कर्ज शेवटी. कच्च्या मालापुरतं हवं असेल तर सरकारच्या मुद्रा योजनेतलं सगळ्यात लहान, शिशु कर्ज, ५० हजारांपर्यंत, तारण लागत नाही. स्वतःचा डंक घ्यायचा असेल तर सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं, तेही बँकेचं कर्ज काढलं तरच. सध्या काय चालू आहे ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. जाताना वही आणि दोन पुड्या सोबत न्या.