लघु अ‍ॅनिमेशनपटाची कथारचना वाचायला मी कशी शिकले

जळगावात बारावी झाल्यावर अ‍ॅनिमेशनच्या पदवी अभ्यासक्रमासाठी मी पुण्यात मुलाखतीला गेले होते. तिथे एक लहानसा अ‍ॅनिमेशनपट दाखवून त्याची कथारचना लिहून द्यायला सांगितले. मी दोन पाने भरून लिहिले, एकही प्रसंग सोडला नाही. परीक्षकांनी ते शांतपणे वाचले आणि विचारले, “काय घडले ते तुम्ही नीट लिहिले आहे, पण ते याच क्रमाने का घडले?” मला उत्तर देता आले नाही आणि त्या वर्षी प्रवेशही मिळाला नाही. रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंतच्या, घरात या क्षेत्रातले कोणीही नसलेल्या मुलामुलींना तो प्रश्न मुलाखतीत अवचित भेटू नये, यासाठी हा अनुभव लिहीत आहे.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या नवीन मुलांना मी नेहमी पिक्सार या अमेरिकी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या ‘पायपर’पासून सुरुवात करायला सांगते. अ‍ॅलन बॅरिलारो यांनी दिग्दर्शित केलेला हा 2016 चा लघुपट सुमारे सहा मिनिटांचा आहे, त्यात संवाद नाहीत, आणि 2017 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशन लघुपटाचे ऑस्कर मिळाले. गोष्ट समुद्रकाठच्या एका पक्ष्याच्या पिल्लाची आहे. खानदेशातल्या तिन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही आणि माझ्या अनेक विद्यार्थ्यांनी तो पाहिलेलाही नाही. तरी हतनूरच्या जलाशयाकाठी चिखलात चोच खुपसत धावणारे पक्षी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते पिल्लू लगेच ओळखीचे वाटते.

पहिल्यांदा लघुपट कुठेही न थांबवता पाहावा आणि काहीही लिहू नये. दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहावा, म्हणजे संगीताने आपल्याला कुठे हळवे केले आणि चित्राने कुठे, हे वेगळे कळते. तिसऱ्या वेळी मात्र वही घेऊन बसावे आणि प्रत्येक शॉटला, म्हणजे मध्ये न तुटता सलग दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याला, थांबावे. मी दुकानात मिळणारी लांब हिशेबाची वही वापरते आणि तिच्यात चार रकाने आखते: वेळ, चित्रात काय दिसते, पात्राला या क्षणी काय हवे आहे, आणि या शॉटनंतर पात्राला असे काय कळले जे आधी माहीत नव्हते. सहा मिनिटांच्या लघुपटाला माझी एक पूर्ण संध्याकाळ जाते.

पहिले तीन रकाने कोणालाही भरता येतात. खरे काम चौथ्या रकान्यात आहे. ‘पायपर’मध्ये पिल्लू गवतातल्या घरट्यात चोच उघडून बसते, पण आई भरवत नाही, खाली ओल्या वाळूत येऊन स्वतः शोध, असे ती सुचवते. पिल्लू जाते, लाट अंगावर येते आणि ते भिजून, घाबरून परत येते. इथे चौथ्या रकान्यात मी लिहिले होते, ‘पाणी धोक्याचे आहे.’ पुढे भूक त्याला पुन्हा काठावर आणते, तेव्हा शंखात राहणारे लहान खेकडे लाट येताच वाळूत स्वतःला गाडून घेताना त्याला दिसतात. पिल्लू त्यांचे पाहून तसेच करते, लाट डोक्यावरून जाते, आणि पाण्याखाली ते डोळे उघडते. तिथे त्याला दिसते की वाळूतले शिंपले याच पाण्यात वर आलेले आहेत. ज्या पाण्याची भीती होती, त्याच पाण्यात अन्न दिसते. त्या एका शॉटपुढे रकान्यात ‘पाणी धोक्याचे आहे’ हे वाक्य खोडावे लागते. संपूर्ण लघुपट या खोडण्यासाठी रचलेला आहे, हे मला त्या रात्री वहीकडे पाहताना उमगले, आणि मुलाखतीतल्या प्रश्नाचे उत्तरही तेव्हाच मिळाले: लाटेचा फटका आधी बसला नसता, तर पाण्याखाली उघडलेल्या डोळ्यांना काही अर्थच राहिला नसता.

अ‍ॅनिमेशनमध्ये एका सेकंदाला सहसा 24 फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, असतात, म्हणजे सहा मिनिटांना 8,640. कॅमेऱ्याने चित्रित केलेल्या सिनेमात एखादा पक्षी चुकून फ्रेममध्ये येऊ शकतो. इथे गवताचे पातेही कोणीतरी ठेवल्याशिवाय येत नाही. म्हणून ‘हे इथे का आहे’ हा प्रश्न अ‍ॅनिमेशनपटाला निःसंकोच विचारावा.

रचनेला नावे द्यायची झाली, तर तीन अंकांची पाश्चात्त्य मांडणी सगळीकडे शिकवतात. मला भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या पाच अवस्था लघुपटाला अधिक जवळच्या वाटतात: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा (मिळेल अशी आशा), नियताप्ती (मिळणारच अशी खात्री) आणि फलागम (फळ हाती येणे). पिल्लाची भूक हा आरंभ, काठावर जाणे हा प्रयत्न, खेकडे भेटल्यावर प्राप्त्याशा, पाण्याखालचे दर्शन ही नियताप्ती. मात्र नावे शेवटी द्यावीत. आधी चौकट आखून तिच्यात शॉट कोंबले, तर वही नीटनेटकी दिसते आणि हाती काही लागत नाही.

आणखी एक कसोटी मला आजीमुळे मिळाली. ती अहिराणीत गोष्ट सांगताना मध्येच थांबायची आणि आम्ही विचारायचो, “मंग काय व्हयनं?” आता मी दोन शॉटच्या मध्ये ‘मग’ऐवजी ‘म्हणून’ किंवा ‘पण’ लिहून पाहते. वाक्य टिकले तर ते दोन शॉट एकमेकांना धरून आहेत. नुसते ‘मग’च बसत असेल, तर त्यातला एक बहुधा काढता येतो.

गेल्या हिवाळ्यात एका विद्यार्थिनीने स्वतःच्या लघुपटाचा स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट क्रमाने चौकटींत काढलेली चित्रे, आणला होता. शेतीची वीज रात्री येते म्हणून वडील गव्हाला पाणी भरायला गेलेले, आणि लहान मुलगा त्यांचा डबा घेऊन केळीच्या बागेच्या कडेने एकटा निघालेला. वाळलेली पाने वाऱ्याने खडखडतात, टॉर्च बंद पडते, मुलगा डोळे मिटून पळत सुटतो आणि वडिलांपर्यंत पोहोचतो. चित्रे फार सुंदर होती, पण चौथा रकाना शेवटपर्यंत कोराच राहिला, कारण अंधाराबद्दल मुलाला नवे असे काहीच कळले नव्हते. आम्ही दोघींनी ‘म्हणून’ आणि ‘पण’ लावत तो पुन्हा वाचला. मग तिने सुरुवातीला संध्याकाळची एक चौकट घातली: मुलगा विहिरीजवळच्या पाटात गव्हाची काडी सोडतो आणि ती वाहत शेताकडे जाताना पाहतो. आता टॉर्च बंद पडल्यावर तो पळत नाही. अंधारात त्याचा पाय पाटातल्या गार पाण्यात पडतो, तो दचकतो, थांबतो, आणि पाणी कोणत्या बाजूला ओढते आहे ते घोट्याला जाणवते. तो पाटातूनच चालू लागतो. पळण्याच्या सगळ्या चौकटी तिने स्वतःहून काढून टाकल्या, आणि शेवटच्या चौकटीत वडील बांधावर बसून कळण्याची भाकरी मोडत आहेत, मुलाचे दोन्ही पाय अजून पाण्यातच आहेत.